मोडण्यासाठी घडवलेला पुठ्ठा

नवापूर तालुक्यातून अंड्यांची गाडी निघते तेव्हा तिच्यातल्या नेहमीच्या पेटीत 210 अंडी असतात. तीस-तीसचे सात ट्रे, एकावर एक. एक अंडं पंचावन्न ग्रॅमचं धरलं तर नुसत्या अंड्यांचंच वजन साडेअकरा किलो भरतं आणि त्यांचं कवच असतं जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटर जाडीचं. गाडी धुळ्याच्या बाजूला वळली तर कोंडाईबारीचा घाट, सुरतेच्या बाजूला वळली तर गतिरोधक, खड्डे आणि अवजड ट्रकांची रांग. तरी पेटी उघडल्यावर बहुतेक अंडी शाबूत निघतात. आपल्याला याचं काही वाटत नाही, कारण ट्रे ही वस्तू आपण कधी नीट पाहिलेलीच नसते.

चिंचपाडा याच पट्ट्यातलं गाव. सुरत-भुसावळ मार्गावरचं छोटं स्टेशन आणि 1942 पासून चालत आलेलं ख्रिश्चन रुग्णालय ही त्याची बाहेरच्यांना माहीत असलेली ओळख. अशा गावात वस्तू दोन दिशांनी प्रवास करतात. औषधांच्या कुपी, प्रयोगशाळेतली काच, मोबाइल, टीव्ही हे बाहेरून आत येतं. अंडी, भाजीपाला, धान्य आतून बाहेर जातं. मधल्या प्रवासात कोण खोकं कसं उतरवील, कोण त्यावर काय रचील, यावर पाठवणाऱ्याचं काही चालत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खोक्याच्या आत काय घालायचं.

आधी अंड्याच्या ट्रेकडेच जवळून पाहू. वरवर तो खळग्यांचा दिसतो, पण काम करतात ते खळग्यांमधले उंचवटे. वरचा ट्रे खालच्या अंड्यांवर टेकत नाही, तो या उंचवट्यांवर टेकतो. सातव्या ट्रेचं वजन उंचवट्या-उंचवट्यांतून थेट पेटीच्या तळापर्यंत उतरतं आणि अंडी त्या वाटेत येतच नाहीत. रचताना प्रत्येक ट्रे खालच्याशी काटकोनात फिरवून ठेवावा लागतो. तसा फिरवला नाही तर एक ट्रे दुसऱ्यात पेल्यासारखा रुततो आणि सगळा भार अंड्यांवर येतो. नव्या हमालाला पहिल्या दिवशी शिकवण्याची गोष्ट हीच. अंडं ठेवतात तेही रुंद टोक वर करून, कारण हवेचा कप्पा त्या टोकाला असतो आणि तो वर राहिला की अंडं जास्त टिकतं.

अंडं उभं अधिक बळकट असतं, असं शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये तल कोहेन यांच्या गटाने हे तपासून पाहिलं. त्यांनी 180 अंडी 8, 9 आणि 10 मिलिमीटर उंचीवरून टाकली, काही उभी, काही आडवी. 8 मिलिमीटरवरून उभी टाकलेली निम्म्याहून जास्त अंडी तडकली. आडवी टाकलेल्यांतली दहा टक्क्यांहून कमी. हळूहळू दाबल्यावर मात्र फुटायला लागणारा जोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच निघाला. फरक होता तो दबण्यात. आडवं अंडं फुटण्याआधी किंचित जास्त दबतं आणि तेवढ्या दबण्यात धक्क्याची जास्त ऊर्जा रिचवतं. बळकट असणं आणि धक्का सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे.

कागदाच्या लगद्याचा हा ट्रे उत्तम आहे, पण त्याला साचा लागतो, यंत्र लागतं आणि लाखोंनी एकसारखी वस्तू लागते. अंडी तशी असतात. मधाच्या बाटल्या, मातीची भांडी, दुरुस्तीला पाठवायचा सूक्ष्मदर्शक ही मंडळी तशी नसतात. त्यांच्यासाठी सपाट पुठ्ठा, एक धारदार पाती, पट्टी आणि घडी एवढंच साहित्य पुरतं, आणि ते कुठल्याही गावात मिळतं. छोट्या उत्पादकाने शिकण्यासारखी पॅकिंगची एकच कला निवडायची झाली तर मी घडीच्या कुशनची निवडीन.

या पुठ्ठ्याच्या पोटातला लाटांचा कागद जन्माला आला तो मात्र वेगळ्याच कामासाठी. 1856 मध्ये इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट निघालं ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी. 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळायला वापरला. 1874 मध्ये ऑलिव्हर लाँगने लाटांना सपाट कागदाचा पदर चिकटवला, आणि मग दोन्ही बाजूंनी पदर लागून आजचा थ्री प्लाय पुठ्ठा तयार झाला. ज्या दिव्याच्या काचेसाठी हा कागद कामाला लागला, ती पुढे महाराष्ट्रातही बनू लागली. तळेगावात 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. ट्यूबलाइट आजही एकाच बाजूला पदर असलेल्या लाटांच्या नळीतून दुकानात येते. दीडशे वर्षांत त्या कल्पनेत फारसं काही बदललेलं नाही.

आता मुद्द्याचं. खोकं पडतं तेव्हा आतल्या वस्तूला इजा होते ती पडण्याने नव्हे, थांबण्याने. वस्तू किती उंचीवरून आली आणि किती अंतरात थांबली, या दोन आकड्यांच्या भागाकारात सगळं आलं. 76 सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू 2 सेंटिमीटरमध्ये थांबली तर 76 भागिले 2, म्हणजे थांबताना तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या 38 पट जोर येतो. तीच 2 मिलिमीटरमध्ये थांबली तर 380 पट. कुशन म्हणजे काय, तर थांबायला दिलेलं अंतर. मऊपणा हा त्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

76 हा आकडा उगाच घेतलेला नाही. मालाच्या वाहतुकीच्या चाचण्या ठरवणारी इस्टा नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या सर्वांत साध्या चाचणीत साडेनऊ किलोपर्यंतचं खोकं 76 सेंटिमीटरवरून टाकतात, त्याहून जड 61 वरून, आणखी जड 46 वरून. जड खोक्याला कमी उंची कशी, असं वाटेल. पण हलकं खोकं माणूस एका हाताने फेकतो, जड खोकं दोघं मिळून उचलतात आणि फार वर नेतच नाहीत. या तक्त्यामागे माणसाच्या कंबरेचा आणि आळसाचा अभ्यास आहे, असं मला नेहमी वाटतं. एक खोकं दहा वेळा टाकतात. एक कोपरा, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडा आणि मग सहाही बाजू.

समजा, चिंचपाड्याहून अर्धा किलो मधाची चौकोनी काचेची बाटली पुण्याला कुरिअरने पाठवायची आहे. बाटली 8 बाय 8, उंची 13 सेंटिमीटर, काचेसकट वजन पाऊण किलो. भरलेली काच पुष्कळ सोसते, पण झाकण सैल होण्याची आणि मध झिरपण्याची भीती असते, म्हणून हिशेबासाठी 40 पटींची मर्यादा धरू. 76 भागिले 40, म्हणजे जवळजवळ 1.9 सेंटिमीटर थांबण्याचं अंतर हवं. पुठ्ठा पूर्ण शून्यापर्यंत कधीच दबत नाही. चेपलेल्या घड्यांचा थर उरतोच, त्यामुळे उपलब्ध जागेच्या साधारण दोन तृतीयांश जागाच कामाला येते. तेव्हा बाटली आणि खोक्याची भिंत यांच्यात सगळीकडून सुमारे 3 सेंटिमीटर हवेत. खोक्याचं आतलं माप ठरलं: 14 बाय 14, उंची 19.

ही झाली जागा. आता ती कशाने भरायची? इथे बहुतेक जण एकच गोष्ट करतात: पुठ्ठ्याचे तुकडे कापून बाटलीच्या चारही बाजूंना थरावर थर दाबून बसवतात. हात लावून पाहिलं तर खोकं घट्ट लागतं, मनाला बरं वाटतं. पण सपाट ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या लाटा चेपायला चौरस सेंटिमीटरला साधारण दोन-तीन किलो भार लागतो. बाटलीची एक बाजू 8 गुणिले 13, म्हणजे 104 चौरस सेंटिमीटर. त्या लाटा चेपायलाच दोनशे किलोंवर जोर हवा. बाटली पाऊण किलोची, म्हणजे तिच्यावर 270 पटींहून जास्त जोर आल्याशिवाय पुठ्ठा हलणारच नाही. त्याआधी काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. थरावर थर लावलेला पुठ्ठा या बाटलीच्या दृष्टीने जवळजवळ फळकुट आहे.

आपल्याला हवाय तो 40 गुणिले पाऊण, म्हणजे तीस किलोंच्या आसपास जोर आला की नमणारा आधार. त्यापेक्षा कणखर नको, त्यापेक्षा लेचापेचाही नको. लेचापेचा असेल तर बाटली तीन सेंटिमीटर विनाअडथळा पार करून भिंतीवर आदळेल.

म्हणून पुठ्ठा उभा करायचा. थ्री प्लायची 13 सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या, तिला दोन घड्या पाडून तीन सेंटिमीटर उंचीच्या दोन भिंती आणि वर सपाट माथा असं छोटं बाकडं करा. माथा बाटलीला टेकलेला, पाय खोक्याच्या भिंतीला. उभ्या कडेवर साधा थ्री प्लाय पुठ्ठा सेंटिमीटरला तीन-चार किलो भार पेलतो. दोन पाय, प्रत्येकी 13 सेंटिमीटर, म्हणजे 26 सेंटिमीटरची कडा. नव्वद किलोंच्या आसपास. अजूनही तिप्पट कणखर! मग काय करायचं? पायांना खिडक्या कापायच्या. 26 सेंटिमीटरपैकी आठ-नऊ सेंटिमीटर कडा उरेल इतपत पुठ्ठा काढून टाकायचा. माल सुरक्षित करण्यासाठी पुठ्ठा कमी करायचा, हे पटायला थोडा वेळ लागतो. कापून टाकलेला प्रत्येक तुकडा बाटलीवरचा जोर कमी करत असतो.

एवढ्यानेही काम संपत नाही. उभा पाय आधी ताठ राहतो, जोर शिगेला पोचतो आणि मग तो एकदम कंबरेत मोडतो; मोडल्यावर पुढचं अंतर जवळजवळ फुकट जातं. हे टाळायला दोन युक्त्या आहेत. पहिली, पायाच्या मध्यावर आधीच एक हलकी दाबरेघ पाडून ठेवायची आणि पाय किंचित आत कलता ठेवायचा. मोडण्याची जागा आपण ठरवली की सुरुवातीचा ताठरपणा उतरतो. दुसरी, दोन पाय वेगवेगळ्या उंचीचे ठेवायचे. एक आधी मोडायला लागतो, तो मोडून संपत येईपर्यंत दुसऱ्याला भार लागतो. मोटारगाड्यांचा पुढचा भाग अपघातात ठरवून चुरगळतो, ती कल्पना मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी 1950 च्या दशकात मांडली, तिच्यामागेही हाच हिशेब आहे. आपल्याकडे फक्त पोलादाऐवजी क्राफ्ट कागद आहे.

काही बारकावे हातानेच कळतात. लाटा कुठल्या दिशेने धावतात ते पुठ्ठ्याच्या कडेला डोळा लावून आधी पाहा. पाय उभे राहायचे असतील तर लाटा त्या पायात उभ्या हव्यात. आडव्या असतील तर पाय कागदी पंख्यासारखा लवतो. लाटांना समांतर घडी सहज पडते, पण नेमकी रेघेवर न पडता दोन लाटांच्या मधल्या दरीत घसरते. लाटांना आडवी घडी जड जाते, पण रेघ सोडत नाही. घडी पाडायला पाती चालवू नका. वरचा कागद कापला की त्या घडीतली निम्मी ताकद गेली. बोथट वस्तूने, स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने वगैरे, पट्टी धरून दाबा. आणि पुठ्ठ्याच्या जाडीचा हिशेब ठेवा. बी फ्लूट या प्रकारच्या लाटांचा थ्री प्लाय तीन मिलिमीटर जाड असतो. आतल्या बाजूला घडी घातली की प्रत्येक वळणाला तेवढं माप कमी होतं. कागदावर बरोबर आलेलं माप पुठ्ठ्यावर चार घड्यांनंतर सेंटिमीटरभर चुकतं ते यामुळेच. पहिला नमुना हमखास घट्ट होतो.

घट्ट झाला तरी एक वेळ चालेल, ढिला नको. बाटली आणि कुशन यांच्यात थोडी जरी मोकळी जागा राहिली तर बाटली त्या जागेत वेग घेते आणि कुशनवर आपटते. दर खड्ड्याला एक आपट. रिकामी जागा हवी ती पायांच्या पोटात, बाटलीच्या अंगाशी नव्हे. आधारही बाटलीच्या रुंद अंगांना आणि तळाला द्यायचा. झाकणाभोवती पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून झाकण मोकळं ठेवायचं, म्हणजे खोकं उलटं पडलं तर भार बाटलीच्या खांद्यांवर येईल, झाकणावर नाही. सूक्ष्मदर्शक असेल तर जड तळाला आधार, नळीला नाही. टीव्ही असेल तर चौकटीच्या कोपऱ्यांना, काचेला कधीच नाही. वस्तूचं दणकट अंग कुठलं, हा प्रश्न मापांच्या आधी विचारायचा असतो.

एक समज इथेच दूर केलेला बरा. खोकं कोपऱ्यावर पडलं की आपल्याला धस्स होतं. खोक्याचा कोपरा चेंबतो हे खरं, पण त्या चेंबण्यातच धक्क्याचा मोठा वाटा खर्ची पडतो आणि आतल्या वस्तूला थांबायला जास्त अंतर मिळतं. वस्तूला बहुतेक वेळा जास्त जड जातं ते खोकं पूर्ण सपाट बाजूवर पडणं. बाहेरून ओरखडासुद्धा नसलेल्या खोक्यात आतली वस्तू फुटलेली निघते ती अशी.

पडणं क्वचित घडतं, हादरे मात्र अखंड. पाट्यांच्या स्प्रिंगवरच्या ट्रकच्या हौद्याची फळी सेकंदाला साधारण दोन ते पाच वेळा वर-खाली होते. टायरांचा आणि सांगाड्याचा थरथराट त्याहून वेगळा. खोक्यांच्या थप्पीचीही डोलण्याची एक स्वतःची गती असते. दोन्ही गती जुळल्या की सर्वांत वरचं खोकं उड्या मारू लागतं. जळगावच्या केळ्यांचे व्यापारी हे डोळ्यांनी पाहतात: गाडीत वरच्या थराच्या फण्यांवर काळे डाग जास्त. खाली भार असतो, पण खालची केळी हलत नाहीत. वरची नाचतात आणि घासतात. निर्यातीच्या तेरा किलोंच्या खोक्यात फण्यांच्या मध्ये फोमचा पातळ पदर घालतात तो घासणं थांबवायला, आपटणं थांबवायला नव्हे. आणखी एक गोष्ट मालवाल्यांना अनुभवाने ठाऊक असते. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त हादरते आणि मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारा हौद्याचा भाग सर्वांत वाईट. नाजूक खोकं दोन आसांच्या मध्ये ठेवून घेता आलं तर ते दोन जादा घड्यांच्या मोलाचं.

पावसाळा हा पुठ्ठ्याचा खरा वैरी. जुलैत नवापूर-चिंचपाड्याच्या हवेत पुठ्ठा काही तासांत ओल धरतो. हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की खोक्याची भार पेलण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, आणि लाटांना पदर चिकटवणारी स्टार्चची खळ ओलीने सुटू लागली तर त्याहूनही कमी. परदेशी तक्त्यांतले ताकदीचे आकडे 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. आपल्याकडच्या मानकांत चाचणीची हवा 27 अंश आणि 65 टक्के धरतात. तेही जुलैच्या मानाने कोरडंच. म्हणून पावसाळ्यात थप्पी कमी उंच, खोकं जमिनीवर न टेकता फळ्यांवर आणि तीन सेंटिमीटरच्या पायाला खिडकी जरा लहान. थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आलाच पाहिजे, हेही इथेच सांगून टाकतो. खोक्याची बरीचशी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते; विटा रचतात तशी एकाआड एक खोकी रचली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोकळ अंगावर येतो. थप्पी डोलत नाही, पण खालची खोकी बसतात.

मग थर्माकोल काय वाईट, असं कोणी विचारील. तांत्रिकदृष्ट्या काहीच नाही. तो ओल धरत नाही, दबून बराचसा पुन्हा फुगतो आणि दुसरा, तिसरा धक्काही घेतो. घडीच्या पुठ्ठ्याला हे जमत नाही. त्याचा पाय एकदा मोडला की मोडला. जो माल एकाच बाजूवर पुन्हा पुन्हा आपटणार आहे आणि जो महाग आहे, त्याला नुसत्या पुठ्ठ्यावर सोडू नये, हे मी प्रामाणिकपणे सांगीन. पण खोकं उघडल्यानंतरचं आयुष्यही मोजलं पाहिजे. गावात पुठ्ठ्याला भंगारवाला किलोवर पैसे देतो आणि तो कागद गिरणीत परत जातो. वापीसारखी क्राफ्ट कागदाची मोठी केंद्रं बहुतांशी रद्दीवरच चालतात. थर्माकोलला भंगारवाला हात लावत नाही, कारण गाडीभर थर्माकोलचं वजन काही किलोच भरतं. मग तो नाल्यात जातो किंवा शेकोटीत.

एकदाच वापरण्याचा एक फायदा या तालुक्याला वेगळ्या तऱ्हेने शिकावा लागला. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरमध्ये सापडला आणि 2021 मध्ये तो तिथे पुन्हा आला. ट्रे या फार्मवरून बाजारात, बाजारातून दुसऱ्या फार्मवर असे फिरत राहिले तर विष्ठा आणि पिसांबरोबर रोगही फिरतो. प्लास्टिकचा ट्रे वापरायचा तर दर फेरीला धुऊन निर्जंतुक करायचा, आणि लगद्याचा वापरायचा तर परत आणायचा नाही. दोन्हींच्या मधली काटकसर, म्हणजे लगद्याचा ट्रे झटकून पुन्हा भरणं, सर्वांत महागात पडते.

आपलं कुशन बरोबर झालं की नाही हे ठरवायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. मोठी ऑर्डर असेल तर जरूर जावं. मुंबईत अंधेरीला 1966 पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, तिथे पडण्याच्या, हादऱ्यांच्या आणि दाबाच्या चाचण्या होतात. पण पन्नास बाटल्या पाठवणाऱ्याला जेवणाच्या टेबलाची उंची पुरते. ती साधारण 75 सेंटिमीटरच असते. बाटलीत ठरलेला अर्धा किलो मधच भरा, खोकं बंद करा आणि फरशीवर दहा वेळा टाका, वर सांगितलेल्या क्रमाने. मग उघडून बाटलीआधी पायांकडे पाहा. पाय अजिबात मोडले नसतील आणि बाटली शाबूत असेल तर खूश होऊ नका. कुशन फार कणखर आहे, बाटली नशिबाने वाचली आहे. पाय पूर्ण सपाट झाले असतील तर ते कमी पडले. पाय मध्यावर नीट मोडलेले आणि तरी थोडी उंची शिल्लक असेल, तर माप जमलं. मोडण्याच्या खुणा वाचता येणं हीच इथली निम्मी विद्या आहे.

तुमच्याकडे आलेलं खोकं पुन्हा वापरणार असाल तर जरूर वापरा, पण आतल्या घड्या नव्या करून घाला. चेपलेला पाय हाताने सरळ केला तरी तो पुन्हा तेवढा भार घेत नाही.